स्वयंपाकघराकडे

क्लेमेंटी, सिंगापूर
१८ सप्टेंबर २०२४

जसू,

सिस्टर जेसिंता म्हणायला हवं, ठाऊक आहे. पण वसईच्या कॉन्व्हेंटमध्ये जिच्याबरोबर सात वर्षं एका बाकावर बसून वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी चोरून खाल्ली, तिला सिस्टर म्हणताना माझी जीभ अडखळते. रागावू नकोस.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, कागदावर लिही, हा तुझा हट्ट मला पटतो, पण झेपत नाही. प्रयोगशाळेतून घरी यायचं, लेकीचा, पूर्वीचा, गृहपाठ घ्यायचा, प्रबोध चांगीहून कामावरून आठला येतो तोवर कुकर लावायचा. पेन कुठे आहे हेच आठवत नाही. तुझी बदली इंडोनेशियात बाटमला झाली तेव्हा किती उड्या मारल्या मी! फेरीबोटीने तासाभराचं अंतर. आणि अकरा महिने झाले, आपण एकदाही भेटलो नाही. दोष माझाच आहे, कबूल.

गणपती झाले. दीड दिवसाचा असतो आमच्याकडे. या वर्षी अप्पा, म्हणजे माझे सासरे, पुण्याहून आलेत, त्यामुळे सगळं साग्रसंगीत. लिटिल इंडियातून केळीची पानं आणली, तांदळाची पिठी आणली, मोदक एकशे एक केले. दुसऱ्या दिवशी वीस माणसं जेवायला. छान पार पडलं.

आमची मदतनीस मात्र गेली. तिची मुदत संपत आलीच होती. नवी मिळेपर्यंत माझी तारांबळ. पूर्वी नीट जेवत नाही, तेवढीच काळजी.

आणि तुझी काळजी आहेच. त्या मुसलमानांच्या मुलखात तुम्हा मूठभर बायकांना कसं राहू देतात गं? माझी मैत्रीण विनीता म्हणत होती, तिकडे धर्मावरून फार ताणाताणी असते. जपून राहा. कुणाच्या अध्यात ना मध्यात असं राहावं.

तुझी,
दमू

* * *

बाटम
६ ऑक्टोबर २०२४

दमू,

'कसं राहू देतात' हे तुझं वाक्य मी आमच्या सिस्टर सुपीरियरना भाषांतर करून ऐकवलं. त्या म्हणाल्या, "राहू देतात कारण आम्ही भाडं वेळेवर देतो."

खरं सांगू? दोन्ही आहे. आमचं प्रार्थनाघर म्हणजे दुकानांच्या रांगेत वरच्या मजल्यावरचा एक हॉल. चाळीस माणसं बसतात, बाकीची जिन्यावर उभी राहून मिस्सा ऐकतात. घंटा नाही, पाटी वहीएवढी. दर वर्षी परवानगीचा कागद नव्याने काढावा लागतो आणि त्यावर पहिली सही आमच्या वस्तीच्या मुखियाची, पाक हासान यांची. 'पाक' म्हणजे आपल्याकडचं 'काका' समज. गेल्या नाताळला मशिदीतली मुलं आमच्या दारात शिट्ट्या फुंकत गाड्या लावून देत होती. रमजानात रोजा सोडायच्या वेळी आम्ही गल्लीत सरबत वाटतो. पण बेटाच्या दुसऱ्या टोकाला आमच्यासारखंच एक घर शेजाऱ्याच्या एका तक्रारीवर बंद पडलं, हेही खरं. मूठभर माणसांनी चालताना पायांचा आवाज कमी करायचा असतो. ते आम्ही शिकलोय.

खालच्या मजल्यावर आश्रयघर. सिंगापूर, मलेशियाहून परत पाठवलेल्या कामवाल्या बायका इथे येतात. सध्या तेरा आहेत, त्यातल्या नऊ मुसलमान. त्यांच्या खोलीत आम्ही क्रूस लावत नाही. नमाजाची दिशा दाखवणारा बाण छताला चिकटवलाय, तो सुपीरियर सिस्टरनी स्वतः शिडीवर चढून चिकटवला. आम्ही कुणाला काही शिकवत नाही. ताप उतरवतो, कागदपत्रं करून देतो, बोटीत बसवून देतो. कधी कुणी पेटीत बंद होऊन येते, तेव्हा तिच्याबरोबर तिच्या गावापर्यंत जातो.

आता माझं काम ऐक. सप्टेंबरात एक मुलगी आली. सव्वीस वर्षांची, फ्लोरेस बेटावरची, आमच्यातलीच म्हणजे कॅथलिक. सिंगापुरातल्या एका भारतीय घरात दोन वर्षं होती. एजंटने तिला बाटमच्या धक्क्यावर सोडलं आणि हात झटकले. तिच्या कागदावर लिहिलंय, 'मालकाच्या मुलीला चोरून स्वतःचा धर्म शिकवत होती.' का, तर त्या लहानग्या पोरीने पाहुण्यांसमोर जेवणाआधी क्रुसाची खूण केली.

ही म्हणते, मी शिकवलं नाही. एजंटने बजावलं होतं की घरात धर्माचं काही दाखवायचं नाही, म्हणून ही जेवणाआधीची खूण मोरीत जाऊन करायची. दमू, ती इथेही तसंच करते. ताट वाढलं की उठते, मोरीत जाते, दार लावते, परत येते आणि मग जेवते. ख्रिस्ती सिस्टरांच्या घरात.

मालकांचं नाव सांगत नाही. "पोर चांगली आहे, तिचं नाव यात नको," एवढंच. तुझ्या मराठी मंडळात, ओळखीत, असं काही झाल्याचं कानावर आलंय का? त्या बाईने दोन ओळी लिहून दिल्या तर हिचा जन्म मार्गी लागेल.

मला तर आपली आठवण झाली. गणिताच्या पेपरला तू माझ्याआधी खूण करायचीस, आणि तीही दोन-दोनदा. कुणी तुझ्या आईला विचारलं नाही की हे कुणी शिकवलं.

तुझी,
जसू

* * *

क्लेमेंटी
१९ ऑक्टोबर २०२४

जसू,

पत्र मिळालं. कामाच्या घाईत आहे म्हणून थोडक्यात लिहिते.

तू सांगतेस तसं काही माझ्या कानावर नाही. इथे भारतीय घरं हजारोंनी आहेत, कुणाकुणाला विचारणार? आणि खरं सांगू, अशा गोष्टीत पडू नये. बंद दाराआड काय झालं ते आपल्याला काय माहीत. मुलगी म्हणते म्हणजे सगळं तसंच असेल असं नाही. मालकिणीचीही काही बाजू असेल. घरात वडीलधारी माणसं असतात, पाहुणे असतात, एखाद्या वेळी तोंडघशी पडायची वेळ येते. माणूस गडबडतं.

शाळेतली गोष्ट वेगळी होती. तेव्हा सगळ्याच मुली करायच्या.

सोबत काही कपडे पाठवते आहे, विनीताकडचेही आहेत, चांगले आहेत, कुणालाही होतील. साबण, टॉवेल आणि थोडी औषधंही टाकलीत. अजून काही लागलं तर मोकळेपणाने कळव.

युलीला म्हणावं, तब्येतीची काळजी घे. रिकाम्या पोटी चहा पिते ते बंद कर.

दमू

* * *

बाटम
१ नोव्हेंबर २०२४

दमयंती,

खोकं मिळालं. टॉवेल वाटले.

मी तिचं नाव लिहिलं नव्हतं. पत्राची प्रत माझ्याकडे नाही, पण कामाच्या बाबतीत मी नाव लिहीत नाही, हा आमचा नियम आहे. रिकाम्या पोटी चहा पिते हेही लिहिलं नव्हतं. ते तर मलाही माहीत नव्हतं. मी तिच्यापाशी जाऊन नुसतं 'पूर्वी' म्हटलं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

मी तुला बोल लावायला बसलेली नाही. पण परिस्थिती सांगते. एजंटांचा एक ग्रुप आहे, त्यावर तिचा फोटो आणि ते वाक्य फिरतंय. फिरत फिरत तिच्या गावी गेलं. तिचे वडील गावातल्या मुलांना धर्मशिक्षण देतात. तीस वर्षं ते मुलांना सांगत आलेत की दुसऱ्याच्या लेकराला फसवून देवाकडे नेणं हे पाप आहे. ते तिचा फोन घेत नाहीत. म्हणजे घर बंद, काम बंद.

आणि तोच मेसेज आमच्या गल्लीत आला. मंगळवारी पाक हासान आले, तसे नेहमीच येतात. आमचा परवानगीचा कागद त्यांच्याकडे सहीला पडलाय. 'लेकराचा धर्म बदलणारी' बाई आमच्याकडे आहे असं कळलं तर काय होईल, हे तुला सांगायला नको. युली म्हणते, मी निघून जाते, माझ्यामुळे या बायकांचं छप्पर जाऊ नये. कुठे जाणार, विचारलं तर कपड्यांची पिशवी भरायला लागते.

तिला तुझी माफी नको आहे, मलाही नको. तिचं नाव धुऊन निघेल असं पत्र हवं. तिला, एजन्सीला आणि आम्हाला. एवढं कर.

जेसिंता

* * *

क्लेमेंटी
६ नोव्हेंबर २०२४

जसू,

तुझं पत्र मी लिफ्टजवळच्या टपालपेटीपाशी उभी राहूनच वाचलं. वर घरात नेण्याची हिंमत झाली नाही.

हो, आमच्याकडेच होती. तुला सांगितलं नाही, कारण काय सांगणार होते? ऐक, म्हणजे कसं झालं ते तुला कळेल. पानं मांडली होती. वीस माणसं. अप्पांनी पूर्वीला पुढे बोलावलं, जेवणाआधीचा श्लोक म्हणायला. पाठ करून घेतला होता तिच्याकडून आठवडाभर. एवढी माणसं बघून पोरगी बावरली, आणि हात जोडायच्या ऐवजी तिने कपाळ, छाती, खांदे केलं. अप्पांच्या हातातली पळी तशीच राहिली. विनीताने विचारलं, "अगंबाई, हे हिला कोणी शिकवलं?" आणि सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराकडे वळल्या. युली तिथे दारात वाढायला भात घेऊन उभी होती.

मग पुढचं सगळं आपोआप झालं. अप्पा म्हणाले, ही बाई या घरात नको. प्रबोधने एजन्सीला फोन केला. तिसऱ्या दिवशी तिला घेऊन गेले. एजन्सीवाल्यांनी कारण विचारलं, प्रबोधने सांगितलं, त्यांनी लिहिलं. मी काही लिहिलं नाही, जसू. माझी कुठे सही नाही.

तरी मला वाईट वाटतंच. पत्र जोडलं आहे. इंग्रजीत आहे. बघ चालतंय का.

दमू

* * *

बाटम
१३ नोव्हेंबर २०२४

दमू,

तुझं जोडपत्र परत पाठवते आहे. 'काही गैरसमज झाला असावा, आमच्या मनात युलियानाबद्दल राग नाही, तिच्या पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा.' मी ते चारदा वाचलं. त्यात तू कुठेच नाहीस. गैरसमज काय पावसासारखा वरून पडला? आणि राग नाही म्हणजे काय? तिने काही केलंच नाही, तर तुम्ही राग नाही म्हणणारे कोण? हे पत्र एजंटच्या हाती दिलं तर तो म्हणेल, म्हणजे केलंच होतं, मालकांनी मोठ्या मनाने सोडून दिलं.

मी तापट आहे, तुला माहीत आहे. पण तुझ्यावर चिडायच्या आधी माझं ऐक, कारण मलाही तोंड वर करायला जागा नाही.

ती आली त्या आठवड्यात मी तिला तीनदा विचारलं. खरंच शिकवलं नाहीस? एकदाही नाही? आठवून बघ. मी सिस्टर आहे, गळ्यात क्रूस आहे, आणि मीच विचारतेय. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, "कदाचित एखाद दिवशी मोरीचं दार उघडं राहिलं असेल. कदाचित तिने फटीतून पाहिलं असेल. मग माझीच चूक." आता तिला तेच खरं वाटतं. मी तिच्याकडून न केलेला गुन्हा कबूल करून घेतला.

आणि पाक हासान आले तेव्हा मी तिला म्हटलं, "तू मोरीत जाऊन बस, ते जाईपर्यंत येऊ नकोस." अर्धा तास बसली. बाहेर आली तेव्हा झगा मागून भिजलेला होता. मला म्हणाली, "सिस्टर, सवय आहे."

तेव्हा शुभेच्छा नकोत. पोरीला ती खूण कुणी दाखवली, एवढंच लिही. तुला माहीत नसेल तर माहीत नाही असं लिही. पण मला वाटतं, तुला माहीत आहे. पूर्वीने आधी कपाळ, मग छाती, मग डावा खांदा केला ना? युली सांगते, पोरगी शेवटी अंगठ्याचं नख ओठाला लावायची. फ्लोरेसला तसं करत नाहीत. ते आपल्या शाळेतलं आहे.

जसू

* * *

क्लेमेंटी
१९ नोव्हेंबर २०२४

जसू,

मी शिकवलं.

जूनमध्ये पूर्वीला इंजेक्शन द्यायचं होतं. क्लिनिकमध्ये तिने असा काही आकांत मांडला की नर्स थकली. मी तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, मी लहान असताना मला भीती वाटली की माझी मैत्रीण मला असं करायला सांगायची. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा, आणि नख ओठाला. भीती पळते. मंत्र नाही, काही नाही. तिने करून बघितलं. इथल्या मुलांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "Then the scared go away, ah? Can, lah." आणि इंजेक्शन घेतलं. मग शाळेच्या कार्यक्रमाच्या वेळी केलं, लिफ्ट अडकली तेव्हा केलं. आमचं दोघींचं गुपित होतं. गणपतीत वीस माणसं पाहून घाबरली आणि केलं.

हे मला त्या वेळी सुचलंच नाही. चार दिवसांनी, युली गेल्यावर, आंघोळ घालताना पूर्वी म्हणाली, "Aai, I did our thing, then why Yuli go home?" तेव्हा लख्ख आठवलं. आणि आठवूनही मी दोन महिने मूग गिळून बसले. कशासाठी? तर 'सुनेने कॉन्व्हेंटमधलं खूळ घरात आणलं' असं अप्पांनी म्हणू नये म्हणून. विनीताने मंडळात सांगू नये म्हणून. हे लिहिताना कागदाकडे बघवत नाही.

काल अप्पांना सांगितलं. प्रबोध म्हणाला, झालं ते झालं, आता कशाला उकरतेस. अप्पांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे मी एका निरपराध पोरीला घराबाहेर काढलं, आणि तू मला काढू दिलंस." ओरडले असते तर बरं झालं असतं. आज सकाळपासून ते आपला चहा आपणच करून घेतात.

विनीतालाही फोन केला. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "मला वाटलंच होतं." काय वाटलं होतं, मी विचारलं नाही.

नवं पत्र जोडलं आहे. तीन प्रती. माझं नाव, पासचा नंबर, सही. त्यात लिहिलंय: 'ती खूण माझ्या मुलीला मी, तिच्या आईने, शिकवली. युलियानाने शिकवली नाही. तिने दोन वर्षांत माझ्या मुलीला तिच्या धर्माचा एक शब्दही सांगितला नाही. तिच्यावर खोटा आळ आला आणि तो मी थांबवला नाही.' एजन्सीला मी स्वतः नेऊन दिलं. तिथल्या मुलीने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी चप्पल घालायला खाली वाकले ते बराच वेळ वाकूनच होते.

दमू

* * *

बाटम
२७ नोव्हेंबर २०२४

दमू,

पत्र मिळालं. आता काय झालं ते सांगते.

मी ते घेऊन पाक हासानांकडेच गेले. म्हटलं, लपवाछपवी बास झाली. त्यांना इंग्रजी येतं, बंदरावर नोकरी केली आहे त्यांनी. चष्मा लावून सावकाश वाचलं. मग उठले, माझ्याबरोबर आले, आणि अंगणात सगळ्या बायकांना बसवून त्यांच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवलं. युली मागच्या रांगेत होती. वाचून झाल्यावर ते तिला म्हणाले, "तुझ्या बापाचा नंबर दे. बाप बापाशी बोलेल." आणि बोलले. वीस मिनिटं. मग फोन तिच्या हातात दिला. पुढचं मी ऐकलं नाही, आत गेले.

जाताना मी भीत भीत परवानगीच्या कागदाचं विचारलं. ते म्हणाले, "सही मी त्या मंगळवारीच केली होती, तोच द्यायला आलो होतो. पण तुम्ही सगळ्याजणी इतक्या घाबरलेल्या दिसलात की विचारलं, काही झालंय का, तर तुम्ही म्हणालात काही नाही. म्हटलं, सांगायचं नसेल त्यांना." दमू, ज्या माणसापासून मी युलीला मोरीत लपवलं, त्याच्या खिशात तेव्हा आमचा सही केलेला कागद होता. एवढी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की शेजाऱ्यांवर विश्वास ठेवा. मी पापकबुलीला जाऊन आले, तरी त्यांच्या घरावरून न जाता मागच्या गल्लीने जाते.

तुझं पत्र एजंटांच्या ग्रुपवर टाकलं. पहिला मेसेज चारशे जणांनी पाहिला होता, हा किती जण बघतील देव जाणे.

तुझ्याकडे परत येईल का, असं तू विचारलेलं नाहीस, ते बरं केलंस. येणार नाही. आठ डिसेंबरच्या बोटीने गावी जाते आहे, वडील धक्क्यावर घ्यायला येणार. जायच्या आधी तिला पूर्वीला बघायचंय. फक्त पूर्वीला, असं ती म्हणाली नाही, पण तुझं नाव घेतलं नाही. तरी तू ये. पोर एकटी थोडीच येणार आहे.

अजून मोरीत जातेच. बाकीच्या बायकांनी सांगून पाहिलं. लोंबोकची एक फातिमा म्हणून आहे, ती म्हणाली, "माझं बिस्मिल्ला तुला चालतं, मग तुझं मला का नाही चालणार?" ही हसते आणि उठून जाते.

तुझी,
जसू

* * *

क्लेमेंटी
९ डिसेंबर २०२४

जसू,

शनिवारी तुझ्या दारातून निघाले तेव्हा तू विचारलंस, "ती तुला काय म्हणाली?" मी म्हटलं, पत्रातून सांगते. तोंडाने सांगता आलं नसतं.

जेवायच्या वेळी तू आत कामात होतीस. पूर्वी युलीच्या मांडीवर जाऊन बसली होती, बोटीत अर्ध्या वाटेपासून गिळलेलं रडणं तिथे येऊन बाहेर काढलं होतं. मग जेवणं वाढली. तू पाहिलंस का माहीत नाही. पूर्वी हल्ली जेवायला बसली की उजवा हात मांडीखाली घालून त्यावर बसते आणि डाव्या हाताने खाते. सप्टेंबरपासून. हे मी तुला कधी लिहिलं नाही. 'नीट जेवत नाही' एवढंच लिहिलं. त्या दिवशी पंगतीत तिने खूण केली तेव्हा मी तिच्या त्या हातावर चापट मारली होती. वीस माणसांसमोर. हेही लिहिलं नव्हतं.

युलीने ते पाहिलं. पूर्वीचा हात मांडीखालून अलगद काढला, आपल्या झग्याला पुसला आणि त्यात चमचा दिला. पोरगी जेवायला लागली. तिथल्या तिथे. तीन महिने मी काय काय करून पाहिलं होतं.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. ती अजून मला मॅमच म्हणते. "मॅम," म्हणाली, "सिस्टरना तुम्ही लिहिलंत की तुम्हाला चार दिवसांनी आठवलं. मी दारात होते. मी पाहिलं. त्या बाईंनी विचारलं तेव्हा सगळे आधी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. म्हणून मग सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा माहीत होतं?"

जसू, मी तुला लिहिलं होतं, सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराकडे वळल्या. त्या आपणहून वळल्या नाहीत. मी वळवल्या. बोलले काही नाही, बोट दाखवलं नाही, फक्त मान वळवून पाहिलं. विनीताचा प्रश्न संपायच्या आत मला क्लिनिक आठवलं होतं, इंजेक्शन आठवलं होतं, तूसुद्धा आठवली होतीस. सगळं माहीत असताना पाहिलं. आणि तिने पाहिलं की मी पाहते आहे. भाताचं भांडं तिच्या हातात होतं.

मी म्हटलं, "हो. माहीत होतं."

तिने मान हलवली. रागाने नाही. एखादी वस्तू कुठे ठेवली होती ते सापडलं की आपण हलवतो तशी. "मग मोरीचं दार बंदच होतं," म्हणाली. "मी रोज बंद करायचे." तिला माझ्याकडून तेवढंच हवं होतं. नंतर तिने आपलं ताट पुढे ओढलं आणि तिथेच बसून, फातिमा शेजारी असताना, मी समोर असताना, खूण केली. पूर्वी तिच्याकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं, आणि चमचा खाली ठेवून तो हात पुन्हा मांडीखाली घातला.

माझ्याकडे बघून, जसू.

काल ती बोटीत बसली असेल. अप्पांना मी हे सगळं, मान वळवण्यासकट, सांगितलं. ते ऐकून उठून आत गेले. आज जेवताना मी पूर्वीचा हात स्वतः काढायला गेले. म्हटलं, बाळा, कर तुला हवं ते, आई रागावणार नाही. तिने हात घट्ट दाबून धरला.

उद्या पुन्हा बघते.

दमू